सोमवारची हजेरी

“काही झालेलं नाही,” पलीकडचा माणूस सगळ्यात आधी हेच म्हणाला आणि मी फोन कानाला घट्ट धरला. फुनाबोरी स्टेशनसमोरच्या कोबानमधून बोलतोय, म्हणाला. कोबान म्हणजे आपली पोलीस चौकीच, फक्त धुतलेली-पुसलेली. तुमचे वडील आणि तुमची मुलगी इथं आहेत, दोघंही सुखरूप आहेत, चहा घेताहेत, कामातून उसंत मिळाली की येऊन घेऊन गेलात तर फार बरं होईल. “केलं काय त्यांनी?” मी विचारलं. पोरगेला आवाज होता, बिचारा शब्द शोधत असणार. “केलं काहीच नाही,” तो शेवटी म्हणाला. “ते आपणहून आले. आणि जात नाहीयेत.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सोमवार. म्हटलं, कपाळ माझं. समुद्र ओलांडून पुण्याहून टोकियोला आला हा माणूस, पण सोमवार काही सुटला नाही त्याचा.

आमचे टीम लीडर हायाशी-सान. त्यांना म्हटलं, वडिलांना घ्यायला घरी जावं लागेल. ते लगेच उभेच राहिले. “हो हो, जा तुम्ही. वडील चीनहून आलेत ना?” “पुण्याहून,” मी म्हटलं. “हो, पुण्याहून,” ते म्हणाले आणि माझी समजूत घालावी तशी मान हलवली. सात वर्षं झाली या कंपनीत, दोन हजार सालच्या त्या भरतीत आलेली मी. तेव्हा पुण्याहून विमानं भरभरून माणसं येत होती इकडे. तरी अजून महिन्यातून दोनदा दालियानच्या टीमचं चिनी मेल छापून कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवतं. विद्या-सान, जरा बघता का? मला वाचता येत नाही हो, म्हटलं की समोरचा गोड हसतो आणि मनात म्हणतो, कामचुकार आहे बाई. त्यांचं तरी काय चुकलं? माझ्या तोंडावर लिहिलेलं त्यांना दिसतं, माझ्या पासपोर्टवर लिहिलेलं कोण बघायला जातंय. पासपोर्टवर आहे विद्या अंबरीष आपटे. माहेरची ल्याव. घरात मॉय. विद्या हे नाव शाळेत घालताना मुख्याध्यापक बाईंनी दिलं, कारण आप्पांनी सांगितलेलं स्यूमॉय त्यांना लिहिता येईना, आणि आप्पांना वाटलं, सरकारी माणसानं काही दिलं तर नाही म्हणू नये.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या हाक्का या चिनी बोलीत वडिलांना आपा म्हणतात, कॅम्पातल्या शेजारपाजारच्यांनी त्याचं आप्पा केलं, पुढं आम्हीही तेच म्हणायला लागलो. चार वर्षांचे असताना आईच्या काखेत बसून बोटीनं कलकत्त्याला आले, तिथं जोडे शिवायला शिकले, लग्न करून पुण्यात आले आणि कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या एका बोळात त्यांनी दुकान टाकलं. लष्करातले अधिकारी, पारशी बायका, कॉन्व्हेंटच्या मुली, सगळ्यांच्या पायांची मापं त्यांना पाठ. मग बासष्ट साल आलं, चीनशी लढाई झाली. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आमच्या घरात बासष्ट साल पाहुण्यासारखं कायमचं राहायला आलेलं होतं. त्या सालापासून आप्पा परके झाले. पुणं सोडून कुठं जायचं तर पोलिसांची परवानगी काढायची. आणि दर सोमवारी पोलिसांच्या ऑफिसात जाऊन तोंड दाखवायचं, मी आहे, पळालो नाही. पुढं दर सोमवारचं महिन्यातून एकदा झालं, मग वर्षातून एकदा. पण वार सोमवारच.

दुपारच्या गाडीत फारसं कुणी नव्हतं. समोरच्या बाकावर एक आजीबाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. मी दाराशीच उभी राहिले. बसवेना. काचेत माझाच चेहरा, मागं बोगद्याचा अंधार. सोमवारी सकाळी आप्पा दाढी करायचे, केसांना तेल लावून मधोमध भांग पाडायचे, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद करायचे आणि शेवटी जोडे. दुसऱ्यांचे जोडे आठवडाभर चकाचक करणारा माणूस, स्वतःचे फक्त सोमवारी करायचा. आणि माझा हात धरायचे. शाळेला दांडी. घरात सगळे म्हणायचे, मॉय बरोबर जाते, तिचं मराठी चांगलं आहे, ती बोलते साहेबांशी. मला कोण अभिमान! आठ वर्षांची मी, दोन्ही हात पाठीमागं घेऊन टेबलासमोर उभी राहायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, “साहेब, आप्पा आलेत.” लाकडी बाक, भिंतीला पडलेले तेलकट डाग, फायलींचा वास. एक हवालदार मला लिमलेटची गोळी द्यायचा. साहेब मात्र कधी नीट बोलायचे, कधी खेकसायचे. एकदा म्हणाले, “तुमच्या लोकांचा भरवसा काय? खायचं इथलं आणि गायचं तिथलं.” आप्पांनी माझ्याकडं बघितलं, काय म्हणाले? मी हाक्कात सांगितलं, साहेब म्हणाले, ल्याव, वाळलात तुम्ही, तब्येत सांभाळा. आप्पांनी वाकून साहेबांना नमस्कार केला. साहेब चक्रावलेच. बाहेर आल्यावर आप्पांनी मला मिसळ खायला घातली आणि मी तिखटानं नाक पुसत पुसत हसत होते. मला सोमवार आवडायचा. हे कुणाला सांगायची सोय नाही, पण खरंच आवडायचा.

आप्पांना मराठी चांगलं कळत होतं, हे मला फार उशिरा उमगलं. बोलायचे मोडकंतोडकं, सगळी क्रियापदं चुकवायचे, पण गिऱ्हाइकाशी घासाघीस करणाऱ्या माणसाला ‘खायचं इथलं’ कळत नाही होय? मी बोलायला नको होते त्यांना. मी असले की साहेबांचा आवाज जरा खाली यायचा, म्हणून हवी होते. कॉलेजात होते तेव्हा रस्त्यानं चालता चालता हे लख्खकन डोक्यात आलं, आणि मी तिथंच थांबले. मागून येणारा सायकलवाला ओरडला, ए चिंकी, मर जाके. अंबरीष बरोबर होता. तो त्याच्या मागं धावला आणि दमून, हात हलवत परत आला. त्या दिवशी मला वाटलं, याच्याशी लग्न करायला हरकत नाही. त्याच्या आईनं मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारणीला म्हणाल्या होत्या, “गोरी आहे हो, नाकात जराशी कमी आहे इतकंच.” दाराआडून ऐकून मी इतकी हसले की अंबरीषला वाटलं रडतेय. आता सासूबाई गावभर सांगतात की माझ्यासारख्या पुरणपोळ्या आपट्यांच्या घरात कुणाला जमत नाहीत. जमणारच. मी त्या जमवल्यात. आयुष्यभर मी हेच करत आले. कुठंही गेले की पहिल्या दोन मिनिटांत दोन म्हणी फेकायच्या, एखादी शिवी, एखादी आरती, म्हणजे समोरच्याचा चेहरा सैल पडतो. इथल्या मंडळाच्या गणपतीला यंदा मिताली नावाची एक नवी मुलगी आली होती. “अय्या, किती सुंदर मराठी बोलता हो! कुठं शिकलात?” “आईच्या पोटात,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन भांडी घासताना मात्र एक पातेलं जोरात आपटलं. माझी लेक जुई धावत आली, “ममा, दायजोबू?” ठीक आहे, म्हटलं, हात निसटला.

म्हणूनच मला जपानी व्हायचं होतं. लिहायला किती सोपं आहे हे वाक्य! कायमचा राहण्याचा परवाना मिळायला दहा वर्षं लागतात आणि नागरिक व्हायला पाच पुरतात, असला उलटा कारभार आहे इथला. घर घ्यायचं तर कर्जाला बँक विचारते, तुमचं इथलं काय? अंबरीषला घराशी मतलब. “तू हो, मी नाही होणार. मी आपट्यांचा तो आपट्यांचाच मरेन,” म्हणतो. त्याला परवडतं. त्याला कधी कुणी विचारलं नाही, मूळचे कुठले. मला मात्र इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात एक गंमत कळली होती. रस्त्यानं चालते, गाडीत बसते, दुकानात दूध घेते, आणि कुणी बघत नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. मी तोंड उघडेपर्यंत मी नुसती एक बाई असते. भाषेच्या क्लासात पहिल्यांदा अक्षरं शिकले तेव्हा त्यात मॉयचं अक्षर निघालं. आलुबुखाराचं झाड. आई दुकानाच्या पाटीवर रंगानं काढायची, मला ती नुसती नक्षी वाटायची. तिशी उलटल्यावर जपानी मास्तरांनी मला माझं नाव वाचायला शिकवलं. मी वर्गात रडले होते. शेजारचा ब्राझीलचा मुलगा रुमाल देत म्हणाला, अवघड आहे खरं.

पण जपानी व्हायचं म्हणजे भारताचं नागरिकत्व सोडायचं. दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि भारताचं ते काय, ते मला माहीत होतं. मला जन्मानं मिळालं, फुकट. आप्पांनी त्यासाठी वीसेक वर्षं त्याच बाकावर काढली. कलकत्त्याला त्यांची आई गेली तेव्हा परवानगी मागायला ते सलग तीन दिवस पांढरा शर्ट घालून गेले. चौथ्या दिवशी परवानगी मिळाली. तोवर तिकडं सगळं उरकलं होतं. आप्पा दुकानात येऊन बसले, कुणा मेजरसाहेबाचा बूट मांडीवर घेतला आणि टाचेला खिळे ठोकत राहिले. तोंडात खिळे धरलेले, म्हणून बोलता येत नव्हतं, निदान मला तेव्हा तसंच वाटलं. आणि जेव्हा एकदाचं नागरिकत्व आलं, केस पांढरे झाल्यावर, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, “ल्याव, सुटलात! आता यायची गरज नाही.” घरात पेढे वाटले. आणि पुढच्या सोमवारी आप्पा दाढी करून, भांग पाडून निघाले. आई ओरडली, अहो कुठं? ते जरा गोंधळले. म्हणाले, सहज, पाय मोकळे करायला. पण जोडे चकाचक होते. मला तेव्हा आठवडाभर झोप लागली नव्हती, आणि आता त्याच माणसाला सांगायचं की आप्पा, तुम्ही ज्यासाठी झिजलात ते मी परत देऊन टाकतेय? माझं धाडस होईना. त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावलं ते खरं तर हे सांगायलाच. आई गेल्यावर एकटे होते, हवापालट होईल, हे सगळं लोकांना सांगायचं. रोज ठरवायचे, आज जेवताना सांगू. रोज आमटी वाढायचे आणि म्हणायचे, मीठ बरोबर आहे का?

ते आले त्या दिवशीची गोष्ट. स्टेशनातून बाहेर पडल्यावर आप्पा थांबले आणि फुटपाथवरून उगाचच एक चक्कर मारून आले. पुन्हा एक. मी म्हटलं, काय शोधताय? म्हणाले, “कुणी बघत नाही गं.” आणि लहान मुलासारखे हसले. पहिला आठवडा ते नुसते हिंडत होते. बागेत म्हातारे त्यांना जपानीतून नमस्कार करायचे, हेही मान लववायचे. दुकानातली मुलगी भराभरा काही विचारायची, हे हसून पैसे पुढं करायचे. घरी येऊन मला हाक्कातून सांगायचे, आज चार माणसांना मी इथलाच वाटलो. मला वाटलं, चला, यांना आवडलंय, आता सांगणं सोपं जाईल. पण मग हळूहळू त्यांचं बाहेर जाणं कमी झालं. खिडकीत बसायला लागले. एकदा संध्याकाळी म्हणाले, “मॉय, इथं मी पडलो रस्त्यात तर यांना कळणार कसं, मी कोण?” मी म्हटलं, खिशात पत्ता ठेवा की. त्यांनी ठेवला. पण ते पत्त्याबद्दल विचारत नव्हते, एवढं मला कळलं होतं आणि मी कळलं नाही असं दाखवलं. अंबरीष म्हणाला, म्हातारपण आहे, जरा जुईला जवळ राहू दे त्यांच्या. जुई शाळेतून आली की दोघं बसायची. तिचं मराठी मोडकं, यांचंही मोडकं. दोघंही क्रियापदं चुकवायची, आणि एकमेकांचं अगदी बरोबर कळायचं त्यांना.

हिगाशी-ओजिमाला गाडी जमिनीतून वर आली. एकदम उजेड. नोव्हेंबरातलं कोरडं ऊन, खाली नदी, आणि त्या उजेडात मला एकाएकी लक्षात आलं की तो पोलीस फोनवर ‘मुलगी’ही म्हणाला होता. जुई. आप्पा एकटे गेले नव्हते. ते तिला बरोबर घेऊन गेले होते, बोलायला. म्हणजे माझ्या लेकीला त्यांनी त्या टेबलासमोर उभं केलं होतं. मला इतका संताप आला, इतका, की समोरच्या आजीबाई जाग्या होऊन माझ्याकडं बघायला लागल्या. बहुतेक मी मराठीतून काहीतरी मोठ्यानं बोलले असणार. काय बोलले ते आठवत नाही. सगळं तिथं सोडून आले होते मी. तो बाक, ते तेलकट डाग, ते ‘साहेब, आप्पा आलेत’. या पोरीला त्याचा वारासुद्धा लागू नये म्हणून सात वर्षं या देशात जीभ वाकडी करून बोलले, कचरा ओला-सुका-प्लास्टिक-बाटल्या निवडून निवडून टाकला, शेजारणीच्या प्रत्येक वाकण्याला दोनदा वाकले. आणि हा म्हातारा तिचा हात धरून सरळ पोलिसांत गेला. त्या क्षणी मला आप्पांचा राग आला असं म्हणणं कमी आहे. मला ते नकोसे झाले.

कोबानच्या काचेच्या दारातून आधी मला जोडे दिसले. तपकिरी, स्वतः शिवलेले, त्यात आकाश दिसेल इतके घासलेले. मग पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बंद. आप्पा घडीच्या खुर्चीवर ताठ बसले होते, गुडघे जुळवून, टेबलावर पासपोर्ट उघडा ठेवून. चहाला हात लावलेला नव्हता. साहेबासमोर ते कधीच काही पीत नसत. आणि त्यांच्या शेजारी जुई, पाठीला शाळेचं लाल दप्तर, दोन्ही हात मागं घेतलेले. असे हात घ्यायला तिला कुणी शिकवलं? मी नाही, देवाशपथ मी नाही. दार मला लगेच उघडता येईना. पोलीस खरोखरच पोरगेला होता, गाल लाल झालेले. तो जुईशी खाली वाकून, अगदी हळू बोलत होता, आणि दार जरा फटीएवढं उघडं होतं. “आजोबांना सांग,” तो म्हणाला, “त्यांना इथं यायची काहीच गरज नाही. यापुढंही येऊ नका म्हणावं.” जपानीतून ते किती आदरानं म्हटलेलं होतं! पण आप्पांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, वाक्य न समजता त्यातलं नाही समजल्यावर दिसतं ते. त्यांनी जुईकडं बघितलं. “काय बोलतो बेटा साहेब?” जुईनं पोलिसाकडं बघितलं, आजोबांकडं बघितलं, मग त्यांच्या पायांकडं. “तो बोलतो,” ती म्हणाली, “आजोबाचा शूज खूप खूप छान आहे.”

आप्पा वाकून हसले. पोलीस चक्रावला. मी दार ढकलून आत गेले.

पुढचं सगळं रीतसर झालं. मी माफी मागितली, त्यानं माफी मागितली. माझं आडनाव आपटे आणि वडिलांचं ल्याव, असा त्याचा घोळ झाला, तो निस्तरला. मग त्यानं मला सांगितलं ते मात्र मी उभ्यानं ऐकू शकले नाही, बसले. आजोबा म्हणत होते, त्यांची मुलगी जपानी होणार आहे, चौकशी होईल, पोलीस घरी येतील, म्हणून ते आधीच स्वतःहून आलेत. त्यांच्यावर कधी काही गुन्हा नाही. जोडे शिवतात. भारतात पोलिसांनी जेव्हा जेव्हा बोलावलं तेव्हा गेले, एकदाही चुकवलं नाही, वाटलं तर तिकडं विचारून बघा. मुलगी अशा बापाची आहे, एवढं टिपून ठेवा. “मी टिपून घेतलं,” तो पोरगा म्हणाला, आणि ओशाळला. “मला दुसरं काय करावं कळेना. पण ते काम आमच्याकडं नसतं हो, ते दुसऱ्या खात्याचं.” मी जुईकडं वळले. “तू सांगितलंस आजोबांना?” ती जपानीतून पुटपुटली, की तू आणि बाबा बोलत होता, मी ऐकलं, आजोबांनी विचारलं ममा काय लपवते म्हणून सांगितलं. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. “गोमेन,” म्हणाली, चुकलं. मी तिला जवळ ओढलं, दप्तरासकट. दप्तराचं बक्कल गालाला लागलं, लागू दिलं. संताप कुठं गेला कुणास ठाऊक. आप्पांनी मला मारलं असतं, पासपोर्ट तोंडावर फेकला असता, कृतघ्न म्हटलं असतं तर मी तयार होते, उत्तरं पाठ होती माझी. ही तयारी मी केलीच नव्हती.

निघताना आप्पांनी पोलिसाला वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, “पुढच्या सोमवारी किती वाजता यायचं, विचार.” मी त्या पोराला म्हटलं, वडील आभार मानताहेत. आप्पांना म्हटलं, ते कळवतील म्हणाले. दोन पिढ्या आम्ही एकाच घराण्यात दुभाषे, आणि एकीनंही कधी खरं सांगितलं नाही.

घर जवळच होतं. स्टेशनवरून सायकली जात होत्या, कुणाच्या तरी घरी मासे भाजत होते. जुई पुढं उड्या मारत चालली होती, तिचं संपलं होतं. “मला पोलीसमामानं स्टिकर दिला,” ती वळून ओरडली, चक्क मराठीतून. मी लिमलेटच्या गोळीचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि केलाच. आप्पा सावकाश चालत होते, सांभाळून, जोड्यांना धूळ लागू नये म्हणून. मग मीच म्हटलं, हाक्कातून, “आप्पा, तुम्हाला वाईट वाटलं ना?”

“कशाचं?”

“मी तिकडचं सोडतेय त्याचं. तुम्ही एवढी वर्षं...”

“मला काय वाईट वाटायचंय,” ते म्हणाले. “माझे पाय मोठे होते, मला तो जोडा सैल करून करून घालावा लागला. तुला इथला बसतोय तर घाल.” आणि थोडं चालल्यावर, “तिथं निदान मला शिव्या द्यायला तरी ओळखीची माणसं होती, मॉय. इथं तेवढंही नाही. तेवढं बघ तू.”

मी मान हलवली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं आई कायम म्हणायची, धुपाटण्याचं नाव मात्र काढायची नाही, मीच पुढचं पूर्ण करायचे. सिग्नलपाशी आम्ही थांबलो. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी सगळे थांबले होते, म्हणून आम्हीही. माझ्या शेजारच्या बाईनं आप्पांकडं बघून मान लववली, आप्पांनीही लववली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय सुरेख जपानी कुटुंब आहे.

“तू जपानी झालीस की पुण्याला यायला व्हिसा लागेल तुला,” आप्पा एकदम म्हणाले.

“लागेल.”

“जास्त दिवस राहिलीस तर नाव नोंदवायला जावं लागेल. पोलिसांत.”

“आप्पा, आता तसं नसतं हो. कसलंसं कार्ड मिळतं म्हणे, अंबरीष चौकशी करतोय.”

“हो, कार्ड मिळतं,” आप्पा म्हणाले, दुकानात उधारीवर जोडे मागणाऱ्याला म्हणायचे त्या आवाजात. “पण माझं वय झालं. उद्या मी अंथरुण धरलं तर तू येणार, महिना-दोन महिने राहणार. राहावंच लागेल तुला. मग तिथं जायची वेळ आली तर घाबरायचं नाही. ऑफिस तेच आहे, फक्त जिना नवा बांधलाय.” सिग्नल हिरवा झाला. त्यांनी माझा हात धरला, लहानपणी धरायचे तसाच, मनगटाच्या वर, घट्ट. “मी येईन ना बरोबर. अंथरुणातून उठून येईन. मला सगळे ओळखतात तिथं, तुला फार वेळ बसवून ठेवणार नाहीत.”

जुई पलीकडे पोहोचून हात हलवत होती.

“फक्त सोमवारी नको,” आप्पा म्हणाले. “सोमवारी फार गर्दी असते. आपण मंगळवारी जाऊ.”